डीएनडीचं लायसन्स बदलता बदलता राहिलं, आता नियम मराठीत आणायचे तर कशाच्या भरवशावर?

विसाचाफासा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. ठाण्यात आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, सहा वर्षं झाली, रविवारी जेवणं उरकली की आमच्या हॉलमध्ये चटई टाकून डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी) खेळतो, म्हणजे आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत एक गोष्ट मिळून रंगवायची. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. नियम इंग्रजीत वाचतो पण खेळताना तोंडात मराठीच येते, आणि गेली दोन वर्षं माझी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी पण बसायला लागल्यात, तिघी मराठी मीडियमच्या. खेळतात जीव लावून, पण इंग्रजी पुस्तक पुढे केलं की गप्प होतात. तेव्हा ठरवलंय की नियमांचा मराठी अनुवाद करायचा, नीट, छापता येईल असा, आणि फुकट वाटायचा. सोबत मी लिहिलेलं कोकणातलं एक अ‍ॅडव्हेंचर पण जोडायचं, म्हणजे टेबलावर खेळायची तयार गोष्ट, त्यात देवचार आहे, गिऱ्हा आहे, एका पडक्या गढीखालचं भुयार आहे.

प्रश्न आहे तो लायसन्सचा. आणि मी इतका खोलात का शिरतोय हे कळायचं तर जानेवारी २०२३ मध्ये काय झालं ते सांगावं लागेल, कारण इथे बऱ्याच जणांना वाटतं की ते प्रकरण मिटलं, विषय संपला.

मुळापासून सांगतो. २००० साली खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने डीएनडीची तिसरी आवृत्ती काढली आणि तिच्यासोबत ओपन गेमिंग लायसन्स, म्हणजे ओजीएल. रायन डॅन्सी नावाच्या माणसाने ते पुढे रेटलं, डोळ्यासमोर फ्री सॉफ्टवेअरवाल्यांचं उदाहरण होतं. नियमांचा गाभा एसआरडी नावाच्या दस्तऐवजात मोकळा ठेवायचा, कोणीही तो वापरून अ‍ॅडव्हेंचर लिहावं, राक्षस लिहावेत, विकावेत, आम्हाला पैसे नकोत. लोकांनी खरंच लिहिलं, घरात बसून दहा पानांची पीडीएफ करणाऱ्यांपासून ते मोठ्या कंपन्यांपर्यंत, सगळ्यांनी वीस वर्षं त्या एका कागदावर घरं बांधली. २००८ ला चौथी आवृत्ती आली तेव्हा विझार्ड्सने वेगळं, बरंच जाचक जीएसएल नावाचं लायसन्स आणलं, पण जुनं ओजीएल होतंच, त्याच्याच जोरावर पायझो कंपनीने २००९ मध्ये पाथफाइंडर हा स्वतःचा खेळ उभा केला. पाचवी आवृत्ती २०१४ ला आली, आणि तिच्यासाठी जानेवारी २०१६ ला विझार्ड्स परत ओजीएलवर आले आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मग डिसेंबर २०२२. विझार्ड्सच्या तेव्हाच्या प्रेसिडेंट सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं की डीएनडीमधून निघायला हवा तेवढा पैसा निघत नाही, डीएम हे खेळणाऱ्यांतले जेमतेम वीस टक्के पण पैसे खर्च करणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच. मी डीएम आहे, मला ते वाक्य लागलं. पुस्तकं मी घेतो, फासे मी घेतो, नकाशे मी छापून आणतो, ते टेबलावर बाकीचे चार जण फुकट बसावेत म्हणून. तेच तर सुख आहे यातलं.

आणि ५ जानेवारी २०२३ ला गिझमोडो या न्यूज साइटवर लिंडा कोडेगा यांची बातमी आली, नव्या ओजीएल १.१ चा मसुदा फुटला होता. त्यात काय काय होतं बघा. जुनं ओजीएल, म्हणजे आवृत्ती १.० ए, आता 'ऑथराइज्ड' म्हणजे मान्य नाही. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी. पन्नास हजार डॉलरच्या वर गेलात तर हिशोब कळवा. तुम्ही लिहिलेलं आम्ही कायमचं, कुठेही, एक पैसा न देता वापरू शकतो. आणि तीस दिवसांची नोटीस देऊन आम्ही हे सगळं परत बदलू शकतो.

त्या आठवड्यात माझं अ‍ॅडव्हेंचर तयार होतं, बत्तीस पानं. लायसन्सचं पान मी दुसऱ्या कोणाच्या तरी पीडीएफमधून जसंच्या तसं उचललेलं, न वाचता. ती बातमी वाचल्यावर रात्री पहिल्यांदा ते पान ओळीओळीने वाचलं आणि कळलं की कलम १५ मध्ये, जिथे आपण ज्यांचं ज्यांचं घेतलं त्यांच्या कॉपीराइटच्या नोंदी द्यायच्या असतात, तिथे त्या दुसऱ्या माणसाच्या नोंदी होत्या, माझ्या नव्हत्याच. चूक पूर्ण माझी. ज्या कागदाच्या आधारावर दोन वर्षांचं काम उभं होतं तो मी वाचलाच नव्हता. म्हणून तेव्हा थांबलो आणि म्हणूनच आता अनुवादाला हात घालायच्या आधी विचारतोय.

पुढचं माहीत असेलच. खूप आरडाओरडा झाला, लोकांनी डीएनडी बियाँड या विझार्ड्सच्या ऑनलाइन सेवेची सबस्क्रिप्शनं धडाधड बंद केली, १९ जानेवारीला १.२ नावाचा दुसरा मसुदा आला, त्यावर सर्व्हे घेतला, पंधरा हजारांवर लोकांनी तो भरला आणि ८८ टक्के म्हणाले आम्ही यावर काही छापणार नाही. २७ जानेवारीला विझार्ड्सने जाहीर केलं की १.० ए ला हात लावत नाही, आणि वर एसआरडी ५.१ पूर्णच्या पूर्ण क्रिएटिव्ह कॉमन्स सीसी-बाय ४.० खाली दिलं, म्हणजे श्रेय द्या आणि हवं तसं वापरा. एप्रिल २०२५ ला नव्या नियमांचं एसआरडी ५.२ पण त्याच लायसन्सखाली आलं.

तर आता रस्ते तीन दिसतात, जुनं ओजीएल, सीसी-बाय, नाहीतर पायझोवाल्यांनी त्यानंतर काढलेलं ओआरसी नावाचं लायसन्स. मराठी अनुवादाला कुठला धरायचा? ज्यांना कायदा कळतो, ज्यांनी स्वतः काही छापलंय, ज्यांनी नुसतं खेळलंय, सगळ्यांनी बोला.

साखरभात

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, नाशिकला शाळेतल्या मित्रांबरोबर हा खेळ खेळतो, म्हणून धागा उघडला. तुमचं सगळं वाचलं पण एक बेसिक शंका आहे. पुस्तक विकत घेतलं, फासे घेतले, घरी बसून खेळतात, याला लायसन्स कशाला लागतं? त्याने वहीत स्वतःचे राक्षस काढलेत, वही भरलीये, त्यात काही गैर होतंय का?

विसाचाफासा

ताई, अजिबात नाही. घरी खेळायला, वहीत लिहायला, मित्रांना दाखवायला कुठलंच लायसन्स लागत नाही, तेव्हाही लागत नव्हतं. वही भरू दे, दुसरी आणून द्या. लायसन्सचा प्रश्न येतो त्या वहीची पीडीएफ करून लोकांना द्यायची ठरवली आणि त्यात कंपनीच्या पुस्तकातला मजकूर आला की.

पण घरी खेळणाऱ्यावर परिणाम होतो तो आडून होतो. तुमचा मुलगा नेटवरून जी फुकट अ‍ॅडव्हेंचर्स उतरवत असेल ती लिहिणारे बहुतेक हौशी लोक आहेत, नोकरी सांभाळून रात्री लिहिणारे. त्यांच्याकडे वकील नाही. मोठी कंपनी तीस दिवसांच्या नोटिशीचं कलम बघून वकिलाला फोन करते, हौशी माणूस फाइल बंद करून झोपतो. ती फाइल मग तुमच्या मुलापर्यंत येतच नाही. काय आलं नाही ते त्याला कधी कळतही नाही.

रोखठोक

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. साडेसात लाख डॉलर म्हणजे किती झाले याचा विचार करा. डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सने स्वतः सांगितलं होतं की जगभरात असे वीसपेक्षा कमी लोक आहेत ज्यांना रॉयल्टी लागेल. खेळ त्यांचा, नाव त्यांचं, जाहिरात त्यांची, आणि त्याच्यावर कोट्यवधी कमावणाऱ्याने थोडे द्यायचे नाहीत का? मी स्वतः धंदा करतो, माझ्या ब्रँडवर कोणी एवढं कमावलं तर मी पण वाटा मागेन. हौशी लोकांना यात काही झळ नव्हती, उगाच वातावरण तापवलं गेलं असं माझं मत.

विसाचाफासा

रोखठोक, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. रॉयल्टी मागण्यात पाप नाही. २००० सालीच मागितली असती तर ज्यांना परवडलं त्यांनी केलं असतं, बाकीच्यांनी दुसरं काही शोधलं असतं. पण आधी वीस वर्षं सांगायचं की मोकळं आहे, घ्या, बांधा, आणि लोकांनी बांधून झाल्यावर जमिनीचं भाडं सुरू करायचं, हे धंद्यातही कोणी मान्य करणार नाही. तुम्ही भाड्याच्या गाळ्यात फर्निचर केलंय आणि मालक म्हणतोय की करार आता 'ऑथराइज्ड' नाही, तर तुम्ही काय कराल?

दुसरं म्हणजे तो २५ टक्के नफ्यावर नव्हता, विक्रीवर होता. किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर, पुस्तकाला दहा लाख डॉलर जमले तर त्यातली मोठी रक्कम छपाई, चित्रकार आणि पोस्टेज यातच जाते, हे ज्यांनी साधी दिवाळी अंकाची छपाई केलीये त्यांना पण कळेल. किकस्टार्टरवाल्यांना २० टक्क्यांची सवलत देऊ केली होती, तरी तेवढा मार्जिन या धंद्यात असतो कुठे.

आणि हौशी लोकांना झळ नव्हती हे मात्र मान्य नाही. तुमचं लिहिलेलं आम्ही फुकट वापरू हे कलम सगळ्यांना लागू होतं, शंभर रुपयांची पीडीएफ विकणाऱ्यालाही.

कायदेकानू

मी वकिली करते, मुख्यतः ट्रेडमार्कची कामं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

पहिली गोष्ट, खेळाचे नियम म्हणजे पद्धत, आणि पद्धतीवर कॉपीराइट नसतो. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात काही अंक मिळवा, ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर जमलं, ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. अमेरिकेत हे १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यापासून चालत आलंय, तो खटला हिशोबाच्या वह्या ठेवायच्या पद्धतीवरून होता. आपल्याकडे १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद खटल्यात तेच सांगितलं, कल्पनेला संरक्षण नाही, मांडणीला आहे. आणि खेळाचंच उदाहरण हवं असेल तर २००८ चं दिल्ली हायकोर्टाचं स्क्रॅब्युलस प्रकरण बघा. कोलकात्याच्या दोन भावांनी फेसबुकवर स्क्रॅबलसारखा खेळ काढला, मॅटेलने केस टाकली. कोर्टाने बोर्डावरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही पण नाव मात्र वापरू दिलं नाही, कारण नाव म्हणजे ट्रेडमार्क. खेळ मग लेक्स्युलस या नावाने चालू राहिला. ही वाटणी डोक्यात पक्की ठेवा, नियम मोकळे, शब्द मालकाचे, नाव तर फारच मालकाचं.

आता अनुवादाचं. इथे विसाचाफासा यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तुम्ही नियम वाचून, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहिले तर तो वेगळा प्रकार. पण पुस्तकासमोर बसून ओळीला ओळ अनुवाद केला तर तो 'अनुवाद' आहे, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये अनुवाद करायचा हक्क स्पष्टपणे मालकाला दिलाय. फुकट वाटताय म्हणून सूट मिळत नाही. म्हणजे तुमच्या कामाला लायसन्स लागणारच, आणि ते काढून घेता न येणारं हवं.

ओजीएल १.० ए मध्ये गोची नेमकी तिथेच होती. कलम ४ मध्ये 'पर्पेच्युअल' म्हणजे कायमस्वरूपी हा शब्द आहे, 'इर्रिव्होकेबल' म्हणजे मागे न घेता येणारा हा शब्द नाही. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात, कराराच्या भाषेत नाहीत. आणि कलम ९ म्हणतं की लायसन्सची कुठलीही 'ऑथराइज्ड' आवृत्ती वापरा. ऑथराइज्ड कोणी करायची आणि एकदा केलेली काढून घेता येते का, हे कुठेच लिहिलेलं नाही. विझार्ड्सच्याच जुन्या प्रश्नोत्तरांत होतं की आम्ही लायसन्स बदललं आणि तुम्हाला पटलं नाही तर जुनी आवृत्ती वापरत राहा. डॅन्सी यांनीही २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की विझार्ड्सला असा अधिकारच नाही. माझंही मत त्याच बाजूला झुकतं, कोर्टात बहुधा विझार्ड्सला जड गेलं असतं. पण कोर्टापर्यंत जाणार कोण? मुद्दा तुमच्या बाजूचा असणं आणि तो लढवायला पैसे असणं यात फार अंतर आहे, माझ्याकडे येणाऱ्या छोट्या क्लायंटना हेच सांगताना सगळ्यात वाईट वाटतं.

सीसी-बाय ४.० मध्ये 'इर्रिव्होकेबल' हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे, आणि ते लायसन्स विझार्ड्सचं नाही, त्याचा मजकूर त्यांना बदलता येत नाही. उद्या एसआरडी त्यांच्या साइटवरून काढून टाकलं तरी तुम्हाला मिळालेला हक्क जात नाही. माझं मत विचाराल तर अनुवादाला सीसी-बाय.

एडिसनवाला

कायदेकानू ताई, इतकं स्वच्छ मला इथे कोणी समजावलं नव्हतं, आभार.

मी न्यू जर्सीत असतो. आमचा ग्रुप म्हणजे मी इथे, दोन मावसभाऊ पुण्यात, एक मित्र दुबईत, शनिवारी सकाळी माझ्या आठला त्यांची संध्याकाळ असते, ऑनलाइन टेबल उघडतो आणि खेळतो. करोनात सुरू झालं ते अजून चालूय, घरच्यांशी आठवड्याला चार तास बोलणं होतं ते या खेळामुळे. म्हणून मला सगळ्यात जास्त धसका १.२ मधल्या व्हर्च्युअल टेबलच्या धोरणाचा बसला होता. त्यात लिहिलं होतं की ऑनलाइन टेबलावर घरच्या टेबलासारखं खेळा, पण मॅजिक मिसाइल या मंत्राचा बाण उडत जाऊन लागतंय असं अ‍ॅनिमेशन दाखवलंत तर तो व्हिडिओ गेम झाला, त्याला परवानगी नाही. म्हणजे माझ्या भावाने हौसेने बसवलेलं छोटंसं चित्र चालेल की नाही हे कंपनी ठरवणार! सर्व्हेत ८६ टक्के लोक त्या धोरणावर नाराज होते, त्यातला एक मी. माझंही सबस्क्रिप्शन त्याच आठवड्यात बंद केलं, नंतर परत सुरू केलं नाही, पुस्तकं आहेत ती पुरतात.

१३ जानेवारीच्या त्यांच्या निवेदनातली एक गोष्ट अजून आठवते, लोक म्हणतील ते जिंकले आणि आम्ही हरलो, पण ते अर्धंच खरं, ते जिंकले आणि आम्हीही जिंकलो, असा सूर होता. इथल्या गेम स्टोअरमध्ये लोकांनी ते वाचून फोन खाली ठेवले. माफी मागायची तर सरळ मागावी. पाचेक दिवसांनी विझार्ड्सच्या काइल ब्रिंक यांनी ती सरळ मागितली, ते बरं झालं.

मुंजोबा

पाथफाइंडरवाला म्हणून बोलतो. त्या जानेवारीत पायझोने ओआरसी लायसन्स जाहीर केलं, अझोरा लॉ या वकिलांच्या फर्मकडून लिहून घेतलं, केओसियम, कोबोल्ड प्रेस, ग्रीन रोनिन असे बरेच प्रकाशक सोबत आले, २०२३ च्या जूनअखेर अंतिम मजकूर आला. पाथफाइंडरच्या मूळ नियमपुस्तकाचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपला असं पायझोने तेव्हा सांगितलं होतं. आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपमधले दोन जण तेव्हाच आले आमच्याकडे.

पण जिंकलो म्हणून नाचावं असं काही नव्हतं, मी का म्हणतो सांगतो. ओजीएलचा भरवसा उडाला म्हणून पायझोला त्यांची पुस्तकं परत लिहावी लागली, नोव्हेंबर २०२३ पासून रीमास्टर आलं. डीएनडीतून आलेलं जे जे होतं ते काढलं, चांगलं-वाईट ठरवणारी अलाइनमेंट गेली, लाल-हिरवे-काळे ड्रॅगन गेले, मॅजिक मिसाइलचं फोर्स बॅराज झालं. नियम म्हणून नवीन पुस्तकं चांगलीच आहेत. पण आमच्या टेबलावर अजून सगळे मॅजिक मिसाइलच म्हणतात, तोंडाला बसलेलं नाव आहे ते, आणि एका लायसन्सच्या घोळात ते आमच्या खेळाच्या पुस्तकातून गेलं याचं वाईट वाटतं मला.

ओआरसीबद्दल एवढंच, की तुम्ही नवीन नियम बनवलेत तर ते आपोआप सगळ्यांना मोकळे होतात, तुमची गोष्ट, पात्रं, गावं, चित्रं तुमची राहतात. देवाणघेवाण चालू राहावी म्हणून ते तसं केलंय आणि मला ते पटतं. सीसी-बायमध्ये घेणाऱ्याने परत द्यायलाच हवं असं काही नाही.

जुना_वाडा

धाग्यावर उशिरा आलो. मी नव्वदच्या दशकात पुण्यात हॉस्टेलवर खेळलेला माणूस. आमच्याकडे कोणाच्या तरी अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेलं एक पुस्तक होतं, त्यावर आठ जणांनी चार वर्षं काढली. तेव्हा खेळ टीएसआरकडे होता, १९९७ ला विझार्ड्सने टीएसआर घेतली आणि १९९९ ला हॅस्ब्रोने विझार्ड्स घेतली. टीएसआरवाले त्या काळात इंटरनेटवर हौशी लोकांनी टाकलेल्या गोष्टींच्या मागे लागायचे, हे आमच्या पिढीला आठवतं. म्हणून २००० साली ओजीएल आलं ते आम्हाला दार उघडल्यासारखं वाटलं होतं, आणि म्हणूनच २०२३ ला छातीत धस्स झालं.

हौशी लोकांवर परिणाम म्हणता तर बेसिक फँटसी या खेळाचं उदाहरण द्यायलाच हवं. २००६ पासून हौशी लोक मिळून चालवतात, पीडीएफ फुकट, छापील प्रत छपाईच्या खर्चाच्या आसपास. आधी ओजीएलवर होता. २०२३ च्या प्रकारानंतर त्यांनी अख्खं पुस्तक तपासून ओजीएलमधून आलेला मजकूर काढला, परत लिहिला आणि चौथी आवृत्ती सीसी-बाय-एसए खाली आणली, म्हणजे घेणाऱ्याने केलेले बदलही तसेच मोकळे ठेवायचे. पगार नाही, नफा नाही, संध्याकाळी नोकरीवरून येऊन वाक्यं बदलत बसले. विझार्ड्सने नंतर पाऊल मागे घेतलं, पण ज्यांचे महिने त्यात गेले ते कोणी परत दिले नाहीत.

विसाचाफासा, त्या खेळाचा पण विचार करा, नियम सोपे आहेत, पोरींना अर्ध्या तासात शिकवून होतील.

रोखठोक

बेसिक फँटसीचं माहीत नव्हतं. कायदेकानूंचा 'पर्पेच्युअल' आणि 'इर्रिव्होकेबल' मधला फरक वाचून माझं मत थोडं बदललं, प्रामाणिकपणे सांगतो. वाटा मागण्याबद्दल माझं म्हणणं आहे तसंच आहे, पण करार मधेच फिरवणं बरोबर नव्हतं.

शब्दवेल्हाळ

लायसन्सचं ज्ञानी लोक बघतील, मला अनुवादात रस आहे. विझार्ड्सने २०२३ मध्येच एसआरडी ५.१ फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये सीसीखाली दिलं. मराठीत ते कोणी देणार नाही, आपल्यालाच करावं लागेल, आणि आता करता येतं याचा मला मनापासून आनंद झालाय.

पण कृपा करून शब्दकोश उघडून संस्कृत शब्द जोडत बसू नका. 'सेव्हिंग थ्रो'ला 'संरक्षक प्रक्षेपण' केलंत तर भाची परत गप्प होईल. आपल्याकडे फाशांचे खेळ केवढे जुने आहेत, सारीपाट, सोंगट्या, कवड्या, त्यांची भाषा घरात अजून जिवंत आहे. फासा टाकला की दान पडतं. मग सेव्हिंग थ्रो म्हणजे बचावाचं दान, अटॅक रोल म्हणजे वाराचं दान. इनिशिएटिव्ह म्हणजे पाळी लावणं. अ‍ॅडव्हान्टेज असलं की दोन फासे टाकून मोठा धरायचा, त्याला 'चढतं दान' म्हणा, डिसअ‍ॅडव्हान्टेजला 'उतरतं दान'. आणि वीस आले की काय ओरडायचं ते तर सारीपाटाने आधीच देऊन ठेवलंय, पौबारा!

एडिसनवाला

पौबारा! आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द. या शनिवारपासून आमच्या टेबलावर सुरू.

साखरभात

मुलाला दाखवलं, तो म्हणतोय हिट पॉइंटला 'जीव' म्हणा, "माझे सात जीव राहिलेत". त्याला हा धागा पूर्ण वाचायला दिलाय. सीसी-बाय म्हणजे काय ते त्याने मलाच समजावलं.

शब्दवेल्हाळ

'जीव' छान आहे पण गोंधळ होईल असं वाटतं, व्हिडिओ गेममधल्या तीन लाइफ सारखं वाटेल, एक जीव गेला दुसरा आला. 'दम' कसा वाटतो? सात दम नाही, "सातपर्यंत दम उरलाय". टेबलावर बोलून बघा, जे तोंडात बसेल ते ठेवा.

विसाचाफासा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस विचार केला, एसआरडी ५.१ परत पूर्ण वाचलं, चारशे तीन पानं. ठरलं ते सांगतो.

सीसी-बाय ४.० खालचं एसआरडी ५.१ घेतोय, ५.२ नाही, कारण आमच्याकडे आणि ओळखीच्या बहुतेक टेबलांवर जुनी २०१४ ची पुस्तकं आहेत आणि सेकंड हँडही तीच मिळतात. ओजीएल सोडलं. मुंजोबा, ओआरसीमागचा विचार मलाही आवडतो, पण पोरी जो खेळ खेळतात तोच मराठीत हवाय. अनुवाद मी सीसी-बाय-एसए खाली देणार आहे, म्हणजे कोणी त्यात सुधारणा केली तर तीही मोकळी राहील, देवाणघेवाणीचं तुमचं म्हणणं त्यातून निदान थोडं पाळलं जातं. कायदेकानू, हे चालतं ना?

वाचताना एक गोष्ट जाणवली की एसआरडीमध्ये गाभा आहे पण सजावट फार कमी. बारा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत पण प्रत्येकाचा एकच पोटप्रकार, फीट म्हणजे खास कसब एकच आहे ग्रॅपलर, आणि बॅकग्राउंड, म्हणजे पात्र आधी काय करायचं ते, पण एकच, अ‍ॅकोलाइट. आधी वाटलं काय हे, मग वाटलं बरंच आहे, मोकळी जागा आहे. दर्यावर्दी, वासुदेव, पालखीचा भोई, गुराखी अशी चार बॅकग्राउंड मीच लिहितोय. वासुदेव म्हणजे बार्ड या गाणाऱ्या पात्रासाठी घडवलेलाच माणूस, पहाटे दारोदार जातो, गावातली सगळी खबर त्याला असते.

कायदेकानू

चालतं. तुमच्या अनुवादाला तुम्ही एसए लावू शकता, मूळ एसआरडी मात्र ज्याला हवं त्याला सीसी-बायनेच मिळत राहील, ते तुम्ही बंद करू शकत नाही आणि करायचंही नाहीये.

पाळायचं एवढंच. एसआरडीच्या सुरुवातीला श्रेयाचा ठरलेला मजकूर दिलाय, यात विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ मधला मजकूर आहे आणि तो सीसी-बाय ४.० खाली आहे अशा अर्थाचा, लिंकसकट. तो इंग्रजीत जसाच्या तसा टाका, खाली मराठी द्या. विझार्ड्सचं नाव त्यापलीकडे कुठे घालू नका, तशी त्यांची विनंती तिथेच लिहिलेली आहे. मजकुरात बदल केलाय, अनुवाद केलाय, हे स्पष्ट लिहा, सीसीला ते लागतं. मुखपृष्ठावर डंजन्स अँड ड्रॅगन्स हे नाव किंवा लोगो नको, स्क्रॅब्युलस आठवा. 'फिफ्थ एडिशनशी जुळणारं' एवढं म्हणायची मुभा एसआरडीतच आहे. आणि तुमच्या कोकणातल्या अ‍ॅडव्हेंचरची वेगळी फाइल करा, ते तुमचं स्वतःचं लिखाण आहे, त्याला कुठलं लायसन्स द्यायचं ते सावकाश ठरवा, अनुवादात मिसळून देऊन टाकू नका.

विसाचाफासा

वेगळी फाइल केली. आणि या वेळी श्रेयाचं पान सगळ्यात आधी लिहिलं, बाकीचं नंतर.

रविवारी लढाईच्या प्रकरणाचा पहिला खर्डा टेबलावर नेला, सात पानं, प्रिंट काढून. भाचीने पूर्ण वाचला, मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवला, आणि पहिल्यांदाच मला न विचारता स्वतःची पाळी खेळली. 'दम' चाललं. 'चढतं दान' चाललं. पौबारा तर दोनदा झाला आणि खालच्या मजल्यावरचे जोशी काका वर बघायला आले काय चाललंय.

आता कंडिशन्सची, म्हणजे पात्रावर ओढवणाऱ्या अवस्थांची, यादी घेतलीये, एसआरडीत पंधरा आहेत. चार्म्ड म्हणजे भुरळ पडलेला, पेट्रिफाइड म्हणजे शिळा झालेला, स्टन्ड म्हणजे सुन्न, प्रोन म्हणजे आडवा, फ्रायटन्ड म्हणजे धास्तावलेला. ग्रॅपल्डला कुस्तीतला शब्द हवा, मला 'पकडीत' सुचतंय. इनकपॅसिटेटेड अडलंय, म्हणजे कुठलीच कृती करता येत नाही आणि प्रतिक्रियाही देता येत नाही. शब्दवेल्हाळ, बघा बरं.

मुंजोबा

कोल्हापूरचा आहे म्हणून सांगतो, 'पकडीत'च ठेवा, तालमीत तोच शब्द आहे. इनकपॅसिटेटेडला 'हतबल'?

शब्दवेल्हाळ

हतबल बोलताना जड जातं, शिवाय मनाने खचलेल्याला पण आपण हतबल म्हणतो. 'लुळा' म्हणावं तर पॅरलाइज्डला काय ठेवणार. पॅरलाइज्ड लुळा आणि इनकपॅसिटेटेड 'ठप्प', असं करून बघा पुढच्या रविवारी.